तळमजल्यावरचा टिटवाळा

अंगारकी असली की टिटवाळ्याची पहाट आदल्या रात्रीच सुरू होते. शेवटच्या लोकलने आलेले भाविक फलाटावर, गणपतीच्या मंदिराच्या रस्त्यावर, तळ्याच्या काठावर पथारी टाकतात. हारवाल्यांच्या घरी बायकामुले दुर्वांच्या जुड्या बांधत जागतात. दादरच्या फुलबाजारातून सामानाच्या डब्यात चढवलेले जास्वंदीचे आणि झेंडूचे पुडे उतरवून घ्यायला कोणी ना कोणी स्थानकावर उभे असते. पहाटेच्या चहाचे पातेले चुलीवर चढते, पुरीभाजीच्या कढया तापतात आणि शेअर रिक्षांची रांग स्थानकापासून लांबपर्यंत जाते. महामुंबईचे हे टोक त्या एका दिवशी अख्ख्या ठाणे जिल्ह्याचे बाजारपेठेचे गाव होते.

संकष्टी वर्षातून बारा-तेरा वेळा येते आणि मंगळवारी येणारी संकष्टी, म्हणजे अंगारकी, सरासरीने वर्षाला दोनदासुद्धा भरत नाही. त्यात माघी गणेशोत्सव, भाद्रपद आणि दर आठवड्याचा मंगळवार मिळवला की टिटवाळ्याच्या जुन्या व्यापाराचे वर्ष पुरे होते. मधले दिवस शांत जायचे. या शांत दिवसांचे गणित गेल्या काही दशकांत बदलले, कारण गाव वाढले. जिथे भात लावला जायचा तिथे इमारती आल्या. मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत घर परवडेना म्हणून लोक रुळाच्या कडेकडेने पुढे सरकत गेले आणि कल्याणच्या पलीकडे शहाड, आंबिवली, टिटवाळा असे थांबत गेले. आता इथला किराणावाला अंगारकीची वाट पाहत नाही. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटलेली टिटवाळा लोकल किती वाजता फलाटाला लागते, हे त्याला जास्त महत्त्वाचे वाटते.

हा बदल कसा झाला आणि पुढे कुठे जाणार आहे, हे समजून घ्यायचे तर नजर वरच्या मजल्यांवरून खाली आणावी लागते. पुनर्विकासाची, नव्या गृहसंकुलांची चर्चा होते ती चौरस फुटांत, मजल्यांत आणि गच्चीवरच्या सुविधांत. गावाचे पोट मात्र तळमजल्यावर भरते. गाळा, ओटा, टपरी, हातगाडी, रस्त्याकडेची पथारी ही टिटवाळ्याची खरी कारखानदारी आहे.

रेल्वे इथून गेली ती १८५५ मध्ये, कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावून तेव्हा जेमतेम अडीच वर्षे झाली होती. देऊळ त्याहून जुने. कण्व ऋषींचा आश्रम काळू नदीच्या परिसरात होता, शकुंतलेने त्यांच्या सांगण्यावरून इथे गणपतीची स्थापना केली, अशी श्रद्धा आहे. म्हणून लग्न जमावे, दुरावलेली जोडपी पुन्हा एकत्र यावीत, यासाठी या विनायकाला साकडे घालतात. पुढे देऊळ तळ्याच्या गाळात गेले. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी तळ्याचा गाळ उपसताना पेशव्यांचे सरदार रामचंद्र मेहेंदळे यांना मूर्ती सापडली आणि पेशव्यांनी देऊळ बांधले, अशी हकीकत सांगतात. मोडकळीला आलेल्या या देवळाचा मोठा जीर्णोद्धार १९६५-६६ मध्ये झाला. त्याला त्या वेळी सुमारे दोन लाख रुपये खर्च आला.

देऊळ पूर्वेला आणि मांडा गाव पश्चिमेला, मधून रूळ. देवळाच्या रस्त्यावर नारळ, पेढे, हार, देवांच्या तसबिरी, खेळणी, खानावळी यांची दुकाने वाढली. मांड्याच्या बाजूला किराणा, कपडे, भांडी, औषधे, मोबाइल दुरुस्ती. पूर्वेचे गिऱ्हाईक दर्शनाला येते आणि निघून जाते. पश्चिमेचे गिऱ्हाईक मुक्कामाला असते, महिन्याची उधारी मांडते आणि पगार झाला की फेडते. दोन्हीकडे धंदाच आहे, पण दोघांची नाडी वेगळी चालते. विकासाचा आराखडा करणाऱ्याला हा फरक दिसला नाही तर तो दोघांनाही एकच माप लावतो.

तिसरा बाजार सर्वांत जुना आहे आणि त्याला शटर नाही. मुरबाड-शहापूर बाजूच्या पाड्यांवरून कातकरी आणि ठाकूर बायका सकाळच्या गाडीने किंवा जीपने येतात. पावसाळा सुरू झाला की शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली अशा रानभाज्या त्यांच्या पाटीत असतात. दुपारी भाजी संपते, पाटी रिकामी होते आणि त्याच पैशातून मीठ, तेल, साबण विकत घेऊन त्या परततात. शेजारच्या दुकानदाराची दुपारची विक्री या बायकांवर होते. रस्त्यावरची पाटी उठली तर दुकानाचे गिऱ्हाईकही उठते.

मांडा-टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या ‘अ’ प्रभागात येते. महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली. शहराच्या यादीत नाव लागले तरी इथली वस्ती बराच काळ शहराच्या नियमांनी वाढली नाही. बैठ्या चाळी उभ्या राहिल्या. शेतजमिनीवर, बिगरशेती परवानगी नसताना, कधी सरकारी जागेवर. खोली विकली गेली ती नोटरीच्या कागदावर, आणि सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच राहिले. ज्याच्याकडे बँकेचे कर्ज मिळण्याइतका पगारपुरावा नव्हता, त्याला हीच खोली परवडत होती. महापालिका क्षेत्रातल्या बेकायदा बांधकामांविरुद्ध २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. त्या प्रकरणात अशा बांधकामांचा आकडा ६७,९२० असा पुढे आला. त्या आकड्यात घरे होती आणि दुकानेही होती.

या खोल्यांत राहायला कोण आले? बरेचसे गिरण्या बंद पडल्यावर मुंबईतून बाहेर पडलेल्यांच्या पुढच्या पिढीतले, विदर्भ-खानदेश-मराठवाड्यातून आलेले, उत्तरेकडून आलेले. काही अगदी शेजारचे. टिटवाळ्याच्या आधीचे स्थानक आंबिवली. तिथे मोहोने इथली एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला. कारखाना बंद झाला की कामगार काय करतो, याचे उत्तर अशा गावांच्या नाक्यानाक्यावर दिसते. थकबाकीची वाट पाहत तो रिक्षा घेतो, वडापावची गाडी लावतो, बायको घरगुती पोळीभाजीचे डबे देऊ लागते. छोट्या धंद्याकडे आपण उद्यमशीलता म्हणून कौतुकाने बघतो. इथल्या अनेकांसाठी तो नोकरी गेल्यानंतरचा शेवटचा आधार होता, आणि तो आधार तळमजल्यावर उभा होता.

बांधकामावर गावाचा किती भार आहे, हे २०१५ साली कळले. घनकचऱ्याची विल्हेवाट नीट लागत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये महापालिका क्षेत्रात नव्या बांधकामांच्या परवानग्यांना मनाई केली. ती उठायला सुमारे वर्ष लागले. कल्याणच्या आधारवाडीतला कचऱ्याचा डोंगर आणि टिटवाळ्यातला हार्डवेअरचा दुकानदार यांचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. नवी परवानगी थांबली की विटा, रेती, सिमेंट, नळ, वायर, रंग, दारे-खिडक्या, नाक्यावरचा मजूर आणि त्याला दुपारचे जेवण देणारी खानावळ अशी सगळी साखळी सैल पडते. इथे तर काळूकाठी वीटभट्ट्या आहेत, साखळीचा पहिला दुवाच गावात आहे. शहराने कचऱ्याची व्यवस्था केली नाही, त्याचा दंड अशा माणसांनीही भरला. आधारवाडीची कचराभूमी अखेर २०२१ मध्ये बंद झाली.

आता पुनर्विकासाकडे. टिटवाळ्यात त्याचे तीन प्रकार दिसतात आणि तिघांचा कायदा वेगळा आहे.

पहिला, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या तीन-चार मजली इमारतींचा. यांची सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदलेली असेल तर सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालील नियमावली लागू होते. ती प्रथम ३ जानेवारी २००९ रोजी आली आणि ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सुधारली गेली. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, विकासकाची निवड होते त्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी हवा, सभेचे चित्रीकरण हवे. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर आधी अभिहस्तांतरण किंवा मानीव अभिहस्तांतरण करून घ्यावे लागते. अनेक संस्थांचे घोडे इथेच अडते, कारण इमारत झाली त्या काळी कोणी कागदांची विचारपूस केली नाही.

या इमारतींच्या तळमजल्यावर गाळे असतात. गाळ्याचा मालक संस्थेचा सभासद असतो, त्याला मत असते, नव्या इमारतीत गाळा मिळतो. पण त्या गाळ्यात बसून वीस वर्षे धंदा करणारा माणूस बहुतेक वेळा मालक नसतो. तो लिव्ह अँड लायसन्सवर असतो, अकरा महिन्यांचा करार दरवर्षी वाढवत आलेला. जुन्या पागडीच्या भाडेकरूला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे, लायसन्सवाल्याला नाही. करार संपला की शटर खाली. त्याने रोज उभे राहून जोडलेले गिऱ्हाईक, उधारीची वही, पोराटोरांची ओळख, यातले काहीही कुठल्या करारनाम्यात येत नाही.

मालक असला तरी प्रश्न सुटतो असे नाही. सदनिकाधारकाला बांधकामाच्या काळात भाडे मिळते, तो दोन गल्ल्या सोडून राहतो आणि तीन-चार वर्षांनी मोठ्या घरात परत येतो. त्याची नोकरी तोवर चालू असते. दुकानदाराला मिळालेल्या भाड्यात पर्यायी गाळा येईल, गिऱ्हाईक येईल याची खात्री नाही. सलूनवाला, शिंपी, पिठाची गिरणी, डॉक्टरांचा दवाखाना हे धंदे जागेला बांधलेले असतात. सवय मोडलेले गिऱ्हाईक चार वर्षांत दुसरीकडे स्थिरावते. त्यात नव्या इमारतीचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा सोडतात, दुकाने वर उचलली जातात किंवा मागच्या बाजूला ढकलली जातात. चार पायऱ्या चढून भाजी घ्यायला म्हातारी माणसे जात नाहीत. नकाशावर बारीक दिसणारी ही गोष्ट धंद्याचा जीव घेते.

दुसरा प्रकार चाळींचा, आणि तो सर्वांत अवघड. जमिनीचा हक्क नाही, मंजूर नकाशा नाही, त्यामुळे ७९-अ चा मार्गच बंद. अशा वस्त्यांसाठी समूह विकासाची तरतूद आहे. ठाण्यात ती आधी आली, आणि २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही नागरी पुनरुत्थान योजना आहे. एकेक चाळ न पाहता अख्खा परिसर एकत्र घ्यायचा, रस्ते, गटारे, मोकळ्या जागांसह नव्याने वसवायचा, असे तिचे सूत्र. चाळीतल्या खोलीत पुढे किराणा आणि मागे संसार असतो. त्या माणसाला नवे घर दिले आणि दुकान गेले तर त्याला छप्पर मिळाले पण चूल विझली. समूह विकासाच्या पाहणीत राहणाऱ्याइतकीच कमावणाऱ्याची नोंद काटेकोर व्हायला हवी.

हे अशक्य नाही. मुंबईतल्या भेंडी बाजारात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हाती घेतलेला साडेसोळा एकरांचा पुनर्विकास त्याचे उदाहरण आहे. सुमारे अडीचशे जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने असा त्याचा पसारा. तिथे दुकानांची मोजदाद कुटुंबांबरोबर पहिल्याच पानावर होते, कारण भेंडी बाजारातून बाजार वजा केला तर उरत काय? ते काम एका समाजाच्या विश्वस्त संस्थेच्या बळावर चालले आहे, हे खरे. टिटवाळ्याच्या चाळींमागे तसे बळ नाही. म्हणूनच इथे ती जबाबदारी महापालिकेवर येते.

तिसरा प्रकार बंगल्यांचा आणि मोकळ्या भूखंडांचा. एकेकाळी मुंबईकरांनी सुट्टीसाठी इथे घरे बांधली. त्या अंगणांत आता इमारती उभ्या राहतात. यात वाद कमी. पण एक मेख आहे. नव्या नियमावलीत किती बांधता येईल हे समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरते. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर अधिमूल्य भरून मिळणारे वाढीव चटईक्षेत्र आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, मिळत नाही. त्यामुळे पैसा रुंद रस्त्यांकडे धावतो आणि जुन्या गल्ल्या तशाच राहतात. रस्ता रुंद करायचा तर पहिला घाव पुन्हा दुकानांच्या ओट्यांवर पडतो.

घर घेणाऱ्याने इथे एक इशारा लक्षात ठेवावा. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराचा कारभार १ मे २०१७ पासून सुरू झाला आणि नोंदणी क्रमांक म्हणजे खात्री असे लोक समजू लागले. याच महापालिका क्षेत्रात, प्रामुख्याने डोंबिवलीत, बनावट बांधकाम परवानग्या जोडून ६५ इमारतींची महारेरा नोंदणी झाल्याचे उघड झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्यात हजारो कुटुंबे अडकली. इमारतीच्या खाली गाळा घेणाऱ्याचे नुकसान दुप्पट असते, त्याची पुंजीही जाते आणि रोजची कमाईही. नोंदणी क्रमांकावर न थांबता बांधकाम परवानगीची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घेणे आणि भोगवटा प्रमाणपत्र मागणे, एवढे दोन हेलपाटे आयुष्यभराची कमाई वाचवतात.

फेरीवाल्यांचा प्रश्न टिटवाळ्यात जितका गुंतागुंतीचा आहे तितका थोड्या ठिकाणी असेल. एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने स्थानकापासून दीडशे मीटर आणि प्रार्थनास्थळांपासून शंभर मीटरच्या आत फेरीवाले बसू नयेत, ही बंदी कायम असल्याचे सांगितले. ज्या गावाचा उगमच एक स्थानक आणि एक देऊळ यांच्यामध्ये झाला, तिथे या दोन वर्तुळांबाहेर उरते किती? मात्र मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये एक सूट दिली होती. फुले, चंदन, अगरबत्ती, नारळ असे देवाला वाहायचे सामान विकणाऱ्यांना प्रार्थनास्थळाबाहेर परवानगी देता येईल, असे तिच्यात म्हटले होते. हारवाल्या मावशींना हे माहीत असायला हवे.

त्याहून मोठा आधार २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा. पाहणी झाल्याशिवाय आणि विक्री प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणाला हटवू नये, हा त्याचा गाभा. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांमधले हवेत. जून २०२० मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी योजनाही अशांसाठीच आहे. तिच्यात पहिले कर्ज दहा हजारांचे होते. २०२५ मधल्या बदलानंतर पहिला हप्ता पंधरा हजार, दुसरा पंचवीस हजार आणि तिसरा पन्नास हजारांचा झाला असून मुदत मार्च २०३० पर्यंत आहे. पाटीवाल्या बाईसाठी पंधरा हजार म्हणजे सावकाराच्या रोजच्या व्याजातून सुटका. अट एकच, तिची नोंद कुठेतरी झालेली हवी. ती पाड्यावरून येते, महापालिका हद्दीत राहत नाही, आणि पाहणी नेमकी तिच्या सुट्टीच्या दिवशी होते. नोंदणीची माणसे मंगळवारी पहाटे स्थानकाबाहेर उभी राहिली तर एका दिवसात पुष्कळ काम होईल.

दुकानदारासाठी कागद तुलनेने सोपे झाले आहेत. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, २०२५ मधल्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, केवळ व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी लागते. टिटवाळ्यातली बहुतेक दुकाने त्यात बसतात.

पुढच्या काही वर्षांत दोन गोष्टी गावाची बैठक पुन्हा बदलतील. एमएमआरडीएचा कल्याणचा बाह्यवळण रस्ता हेदुटण्यापासून दुर्गाडीमार्गे टिटवाळ्यापर्यंत येतो. तो पूर्ण चालू झाला की दर्शनाला येणारा भाविक लोकलऐवजी स्वतःच्या गाडीने येईल. स्थानकापासून देवळापर्यंतच्या रस्त्यावर जो चहा, जो हार, जी रिक्षा त्याच्यावर चालते, त्या वाटेवरून तो जाणारच नाही. मग वाहनतळ कुठे करायचा आणि तिथून देवळापर्यंत भाविकाला कुठल्या गल्लीतून चालवायचे, हा वाहतुकीचा प्रश्न राहत नाही, शेकडो घरांच्या उत्पन्नाचा होतो. वाहनतळ देवळाच्या दारात दिला तर मधला बाजार मरतो. थोडा लांब, पण सावलीच्या नीट पदपथाने जोडला तर तोच बाजार वाढतो. दुसरी गोष्ट रेल्वेची. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचे काम आणि स्थानकांचे नूतनीकरण यांमुळे स्थानकाबाहेरची जागा बदलते आहे. रूळ वाढले की पूर्व-पश्चिम अंतरही वाढते, आणि पूल पायऱ्यांचा की सरकत्या जिन्याचा, यावर कोणत्या बाजूची दुकाने चालतील हे ठरते.

आणि काळू नदी. जोराच्या पावसात रुंद्याचा पूल पाण्याखाली जातो, पलीकडच्या गावांचा संबंध तुटतो आणि त्या दिवशीचे दूध, भाजी, गिऱ्हाईक पलीकडेच राहते. नदीकाठच्या सखल भागात भराव टाकून इमारती उभ्या केल्या की पाणी शेजारच्या चाळीत आणि दुकानात शिरते. वरच्या मजल्यावरच्याला पूर खिडकीतून दिसतो, तळमजल्यावरच्याचा माल भिजतो. पूररेषेचा नियम काटेकोर पाळणे ही दुकानदारांची पहिली मागणी असली पाहिजे.

टिटवाळ्यात ज्यांच्या संस्थेत सध्या पुनर्विकासाचा विषय निघाला आहे, त्यांनी पुढच्या सभेत वाढीव चौरस फुटांआधी तळमजल्याचा नकाशा टेबलावर मागावा. दुकाने रस्त्याला लागून आहेत का, ती जमिनीच्या पातळीवर आहेत का, बांधकामाच्या काळात त्यांना पर्यायी जागा कुठे आणि किती अंतरावर मिळणार, हे करारनाम्यात लिहून घ्यावे. आणि खालच्या गाळ्यात जो माणूस पंधरा-वीस वर्षे भाड्याने बसला आहे, त्याला मत नसले तरी सभेला बोलवावे.